जयवंताचा उजवा खांदा

लंबी रोटी लाटत नाईत, टाकतात. हे ज्याले माहीत नाई, त्यानं नागपुरात जेवणाच्या गोष्टी करू नये. मी गणपतराव, आचारी. लग्नं, बारसे, तेरव्या, साऱ्यायचा स्वयंपाक करता करता माहे केस पिकले, अन् एवढ्या वर्षांत माह्या भट्टीजवळ रोटीवर जयवंताशिवाय दुसरी बाई मी होता होईतो उभी केली नाई. लोक म्हणत, गणपतराव, तुमची वांग्याची भाजी म्हणजे काय विचारता! अरे भैताडहो, ती भाजी तुम्ही खाल्ली कशासंग, ते तं पाहा.

चुलीवर मातीचं मडकं पालथं घालायचं, खाली लाकडं लावायची. कणीक एवढी सैल, का हातावरून ओघळते. तिचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा, मंग हात डोक्याच्या वर नेऊन एका झोक्यात मडक्यावर अंथरायचा. जयवंता रोटी टाकून राहिली असली, का पंगतीतले पोट्टे ताट सोडून पाहाले येत. मी त्यायले हाकलून लावे, अन् मंग मीही पाहत उभा राहे.

कणीक मात्र रुपरावची. रुपराव म्हणजे तिचा नवरा. हा माणूस दिवसभरात चार शब्द बोलला तं खूप झालं. परात पुढे घेऊन बसायचा अन् कणीक आपटत राहायचा. जयवंताले गोळा हातात घेतल्याबरोबर समजे का आज पाणी कमी पडलं, अन् ती चारचौघांत त्याले झापे. तो हसे, पाण्याचा हबका मारे अन् पुन्हा आपटाले लागे. बेसा भागात यायचं दोन खोल्यांचं घर. तिकडे आता जिकडे पाहाल तिकडे फ्लॅट झाले, पण यायचं घर त्यायच्या मधात टिकून आहे. एकच पोरगी, रीना. ती अन् जावई दोघंही बुटीबोरीले कापडाच्या कारखान्यात.

खांदा दुखून राहिला हे जयवंतानं खूप दिवस लपवलं. मोहाचं तेल चोळलं, विटेचा शेक घेतला, अन् कोणी विचारलं तं त्याच्यावरच खेकसली. मंग मानेवाड्याच्या एका लग्नात हात कानाच्या वर गेलाच नाई. रोटी मडक्यावर पडाच्या ऐवजी विस्तवात पडली. जयवंताच्या हातची रोटी, अन् विस्तवात! मी ओरडाले तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा पाहिला अन् मिटून घेतलं. रुपरावनं हात धुतले, तिचा पदर नीट करून दिला अन् तिले घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती नाई नाई म्हणत असताना आम्ही दोघांनी तिले ऑटोत बसवलं अन् हाडाच्या दवाखान्यात नेलं.

तिथं गौरांग नावाचा तरणा डॉक्टर होता. त्यानं टेबलावर प्लास्टिकचा खांदा ठेवून आम्हाले समजावून सांगितलं. खांदा म्हणजे एक गोटा, उथळ वाटीत टेकवलेला. चार स्नायू त्याले चारी बाजूंनी धरून ठेवतात, अन् त्यायच्या टोकाच्या दोऱ्या हाडाले चिकटलेल्या असतात. डॉक्टर त्या दोरीले कंडरा म्हणे. हात डोक्यावर नेऊन नेऊन जयवंताची वरची दोरी झिजली होती अन् हाडावरून सुटली होती. ती पुन्हा हाडाले शिवावी लागणार होती.

हा डॉक्टर त्याच गोष्टीचा अभ्यास करून राहिला होता. शिवलेली दोरी एकाची जुळते अन् दुसऱ्याची जुळत नाई, ते काहून? त्यासाठी काही पेशंटच्या हाडाले शिवाच्या जागी बारीक छिद्रं पाडत, म्हणजे आतलं रक्त शिवणीपर्यंत येईन. काहींचं नुसतंच शिवत. कोणाले काय, ते चिठ्ठीवर ठरे, अन् पेशंटले सांगत नसत. मी भडकलोच. म्हटलं, म्हणजे आमच्या बाईवर प्रयोग करता का? पोट्टा चिडला नाई. त्यानं सांगितलं का ऑपरेशन साऱ्यायचंच नीट होते, अन् अभ्यासात नाव द्यायचं नसन तं नका देऊ, तरी मी तितकंच मन लावून शिवीन. जयवंतानं एवढंच विचारलं, का रोटी टाकता येईन का.

"जुळलं तर टाकाल," डॉक्टर म्हणाला. "पण एक लक्षात ठेवा. दुखणं आधी थांबतं, जुळणं मागून येतं. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं समजायचं नाही. मी सांगेपर्यंत या हातानं वजन उचलायचं नाही. बिलकुल नाही."

तिनं नाव दिलं. ऑपरेशन झालं, हात पट्ट्यात अडकला. पुढे पट्टा निघाला, डॉक्टरनं शिकवलेले व्यायाम सुरू झाले, पण वजनाची गोष्ट तिनं अशी पाळली, का पाहून हसू यावं अन् रडूही. पाण्याचा तांब्या डाव्या हातानं. खुर्ची सरकवाची असली तं पायानं. रीना आपल्या पोरीले, सोनिकाले, घेऊन आली. ती वर्षाची नात हात पसरून आजीकडे झेपावली, तं ही मागे सरकली. म्हणे, "नको वं, वजन आहे." पोरगी रडली. ही तिच्याकडे पाठ करून बसली, अन् पोरगी घरी गेल्यावर रुपरावजवळ मुळूमुळू रडली. तिची वेणी रुपराव घाले. कणकीत मुरलेला हात त्याचा, वेणीचा दोरखंड होऊन जाय. गल्लीतल्या बाया चिडवत, का जयवंता, नवा फॅशन आहे का वं? ती आतून शिव्या देई, पण वेणी सोडत नसे.

दवाखान्यात मात्र रुपराव बोले. जन्मभर मुका राहिलेला माणूस, पण डॉक्टर दिसला का पहिला प्रश्न त्याचाच. जुळलं का? डॉक्टर म्हणे, बाहेरून कळत नाही काका, एमआरआय काढू तेव्हा कळेल. पुढच्या वेळेस पुन्हा, जुळलं का? माह्या भट्टीवर त्या दिवसांत दुसऱ्या बाया रोटी टाकत, त्यायच्यासाठी रुपराव कणीक भिजवे, पण त्याचं मन तिथं नसे. एकदा परातीवरून मान वर न करता मले म्हणाला, "गणपतराव, तिले रोटी टाकता नाई आली तं ती जगन कशी?" मी म्हटलं, वेडा आहे का गा तू, जुळन ना. मले तरी काय माहीत होतं?

उन्हाळा लागता लागता एमआरआय झाला. ते फोटो दुसऱ्या दोन डॉक्टरांकडे जाणार होते. फोटो कोणाचा, कोणाच्या हाडाले छिद्रं पाडली, हे त्यायले माहीत नसे, म्हणजे निकाल खरा येते. त्याले काही आठवडे लागतात, मी फोन करीन, असं डॉक्टरनं सांगितलं. झालं! रुपराव फोन घेऊनच हिंडे. आंघोळीले गेला तरी फोन दारात ठेवे. कंपनीचे, बँकेचे, कोणाचेही फोन येत अन् हा धावत जाय.

त्या फोनच्या आधी रुपराव गेला. सकाळी पीठ चाळता चाळता छातीवर हात ठेवून बसला, तो उठला नाई. मी ऑटो घेऊन पोचलो तोवर सारं संपलं होतं. जयवंता त्याच्या उशाशी बसून होती. तिच्या डोळ्यांतून टिपूस नाई आलं. त्या दिवशी नाई, राख सावडताना नाई. रीना म्हणे, काका, आईले रडवा हो, नाई तं ती आतल्या आत मरन. मी कोणाले रडवू? मलेच हुंदका आवरत नव्हता.

तेरवीचा स्वयंपाक माह्याकडे. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, अन् लंबी रोटी. रुपरावच्या तेरवीले लंबी रोटी नाई, असं कसं होईन? दोन बाया लावल्या होत्या. बाया हुशार, पण कणीक रुपरावची नव्हती. रोटी लांबवाले गेलं का मधातून फाटे. आमच्यात पंगत बसाच्या आधी गेलेल्याच्या नावाचं पान वाढतात. ते पान वाढलं, अन् त्याच्यावर रोटी पडली ती फाटकी. जयवंता आत फोटोजवळ बसली होती. तिनं ते पान पाहिलं अन् उठली.

सरळ परातीजवळ आली. पाण्याचा हबका मारला, डाव्या हातानं कणीक आपटून आपटून सैल केली, अन् गोळा उचलला. मी मधात आडवा आलो. म्हटलं, जयवंता, डॉक्टरनं नाई म्हटलं आहे वं.

"डॉक्टरनं वजन उचलू नको म्हटलं, भाऊ," ती म्हणाली. "रोटीले काय वजन असते?"

आमच्या धंद्यात वजन म्हणजे पिठाचं पोतं, वरणाचा गंज, पाण्याची कोठी. रोटीले आम्ही कधी वजन म्हटलंच नाई. तिथं उभ्या असलेल्या एकाही माणसानं म्हटलं नसतं. मी बाजूले झालो.

पहिली रोटी तिनं रुपरावच्या पानासाठी टाकली. अशी उतरली, का तिच्यातून पलीकडचं दिसावं. ती घडी करून तिनं स्वतः पानावर ठेवली. मले वाटलं, आता थांबन. पण पंगत बसली होती, अन् ती वळून पुन्हा मडक्यापुढे उभी राहिली. मंग थांबलीच नाई. हात वर, झोका, मडकं. हात वर, झोका, मडकं. सारी पंगत जेवली. म्हातारे माणसं डोळे पुसत जेवले. मलेही भरून आलं होतं, का बाईचा हात परत आला अन् हे पाहाले रुपराव नाई. शेवटी शेवटी हात खाली आणताना ती ओठ चावून राहिली होती. मले वाटलं, आता रडू येऊन राहिलं असन तिले, येऊ दे.

त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरचा फोन आला; रुपरावचा लागला नाई म्हणून त्यानं मले केला होता. म्हणे, निकाल आला, काका-काकूंना घेऊन या. रीनाची शिफ्ट होती, म्हणून मीच जयवंताले घेऊन गेलो. ऑटोत ती उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्यानं धरून बसली होती. मी विचारलं, दुखते का? ती म्हणाली, काही नाई.

डॉक्टर हसतच उठला. आमच्या मागे पाहून म्हणाला, काका नाही आले? फोनवर सांगवलं नव्हतं, ते मी आता सांगितलं. त्याचं हसू विझलं. मंग त्यानं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला अन् बोट ठेवून दाखवलं, का हे हाड, ही दोरी, अन् ही जागा पाहा, कुठं फट नाई. तिच्या वयाच्या पेशंटमध्ये इतकं छान जुळलेलं त्यानं कमीच पाहिलं होतं. हळूहळू सारं करता येईन, म्हणाला.

"आता हात वर करा, काकू."

हात छातीपर्यंत आला अन् थरथराले लागला. तिनं पुन्हा जोर लावला. डॉक्टरनं स्वतः तिचा हात धरून खांद्याच्या उंचीपर्यंत नेला अन् म्हणाला, आता इथंच धरून ठेवा. त्यानं सोडला, अन् हात दाणकन खाली पडला. त्यानं तिथल्या तिथं सोनोग्राफीचं यंत्र लावून पाहिलं. दोरी हाडावरून निघून गेली होती.

त्यानं विचारलं, काय उचललं तुम्ही? ती म्हणाली, काही नाई, बाप्पा, नातही उचलली नाई. खरंच सांगून राहिली होती. मंग मीच तेरवीचं सांगितलं. त्याले वाटत होतं, रोटी म्हणजे पोळपाटावर लाटाची. मी त्या खोलीत उभा राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवलं. तो खुर्चीत बसला. पुन्हा शिवता येईन का, मी विचारलं. तो खोटं बोलला नाई. दोरी मागे ओढली गेली होती, स्नायू आधीच सुकत चालला होता, अन् दुसऱ्यांदा शिवून दुखणं कमी करता आलं असतं, पण रोटीसाठी हात वर जाईन असं त्याले वाटत नव्हतं.

मले त्याचा राग आला, माहा आला, तिचा आला, अन् कोणावर काढावा हे समजलं नाई. जयवंता आमचं ऐकतच नव्हती. ती कॉम्प्युटरकडे पाहत होती. तो जुना फोटो तसाच समोर होता.

"हा फोटो कवाचा?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाला, एमआरआय काढला त्या दिवसाचा.

"म्हणजे हे होते तवा जुळलं होतं."

"हो," डॉक्टर म्हणाला. "जुळलं होतं."

"यायले माहीत नाई पडलं," ती म्हणाली. "रोज विचारत होते. अन् जुळलेलंच होतं."

अन् मंग ती रडली. रुपराव गेल्यापासून न रडलेली बाई, त्या खुर्चीत वाकून, लहान पोरीसारखी ढसाढसा रडली. डोळे पुसाले तिनं पदर धरून उजवा हात उचलला, तो अर्ध्यातच राहिला. मी उठलो अन् पदर तिच्या डाव्या हातात दिला.