खुंटीवरची टोपी

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हेल्मेट मीच घेऊन दिलं. तळेगाव ढमढेऱ्याहून कासुर्डीला, माझ्या सासरी, ते मोटारसायकलवर येतात. वाटेत उसाचे ट्रॅक्टर आणि शेवटी हायवे, त्यामुळे ते पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. "हायवेवर तरी घाला," मी म्हणायचे. "व्हय, घालतो की," म्हणायचे आणि हेल्मेट आरशाला अडकवून, पांढरी टोपी घालून ऐटीत दारात उतरायचे. जणू अपघातात आरशाचंच डोकं फुटणार होतं.

अडचण टोपीचीच होती. हेल्मेटखाली ती बसत नाही, बसवली तर तिचा पापड होतो. "आन् काडून ठिवायची कुठं? खिशात? मानसं काय म्हनतील?" मला राग यायचा. पण माझंही काही धड नाही. यवतला कामावर जाताना मी हेल्मेट घालते आणि परतताना गावाच्या तोंडाशी काढून डिकीत टाकते. तोंड झाकून पुढं गेलं की ओळख दिली नाही म्हणून माणसं नाराज होतात. मग गावातल्या रस्त्यावर पडलं तर डोकं फुटत नाही का, हे मला कुणी विचारू नये.

गेल्या उन्हाळ्यात एका भरदुपारी दारात गाडी वाजली. कुणी येणार असं कळवलं नव्हतं. सासूबाई आणि मी गवार मोडत बसलो होतो. बघतो तर आप्पा. डोक्यावर टोपी नाही, केस घामानं चिकटलेले, डोळे लालबुंद. आमच्याकडं जन्मभर टोपी घालणारा माणूस असा उघड्या डोक्यानं दारात आला की बायका एकच समजतात. घरात कुणीतरी गेलं.

"आदी पानी दे," म्हणाले आणि मटकन खाली बसले.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावून हंबरडा फोडला. माझ्या आईला त्या आठवड्यात ताप होता. "आई?" एवढंच तोंडातून निघालं. शेजारणी धावत आल्या आणि एकीनं तर मला मिठी मारून रडायलाही सुरुवात केली.

आप्पा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनीच हळूच विचारलं, "कोन गेलं?"

आई ठणठणीत होती. तिनंच पाठवलेले दोडके गाडीला लटकत होते आणि त्यांच्याशेजारी हेल्मेट. माझं ऐकून पहिल्यांदाच त्यांनी ते सबंध वाटभर घातलं होतं. काच वर ठेवल्यानं डोळ्यांत धूळ गेली होती. टोपी खिशात चुरगळून पडली होती.

हसावं की रडावं, मला कळेना. मी त्यांच्यावरच ओरडले, "टोपी घालून आत यायचं ना!"

"हेल्मेट घाल म्हनती, टोपी घाल म्हनती," ते म्हणाले. "पोरी, काय ते एक ठरीव."

शेवटी ते निघताना सासूबाईंनीच तोडगा काढला. "पाव्हनं, ही टोपी हितंच ऱ्हाऊ द्या. आलात की भाइरनं हाक मारा, ही आनून दील." आप्पांनी टोपी झटकून माझ्या हातात दिली, हेल्मेट चढवलं, पट्टा लावला आणि गेले. मी टोपी धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावली.

आता ते दर वेळी हेल्मेट घालूनच येतात. सगळं माझ्या मनासारखं झालंय. पण रोज सकाळी केर काढताना ती टोपी दिसते आणि केरसुणी हातातच राहते. शेजारच्या खुंटीला सासऱ्यांची टोपी आहे. ते गेल्यापासून ती तिथंच आहे, सासूबाईंना ती काढवत नाही. आप्पांची टोपी तिथं आहे म्हणजे ते हेल्मेट घालतात, सुखरूप आहेत, असं मी स्वतःला समजावते, आणि तरी काहीतरी निमित्त काढून फोन लावते.

"टोपी हाय न्हवं जाग्यावर?" ते हसत विचारतात.

"आहे," मी म्हणते. "घालायला कधी येताय?"