बूटवाल्या बाई

खुर्चीतून उठायच्या आधी बाई खाली वाकत, साडीचा काठ बोटभर वर धरत, दोन्ही पायांकडे नीट बघत आणि स्वतःशीच म्हणत, "हायेत." मग उठत.

मी शेजारच्या टेबलावर बसायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "काय हायेत, बाई?"

"बूट," त्या म्हणाल्या. "दुसरं काय असतंय पायात?"

बूट होते खरे. पांढऱ्या कॅनव्हासचे, शाळेतली पोरं पीटीला घालतात तसले. त्यांना चपट्या पांढऱ्या लेस. वर साधी सुती साडी. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. गावाला कलेक्टर मिळाला याचं लोकांना अप्रूप होतं. पण साडीखाली बूट घालणारी बाई हे त्याहून मोठं अप्रूप होतं. गल्लीतली पोरं त्यांना 'पीटी बाई' म्हणत. ऑफिसात त्या 'बूटवाल्या बाई' होत्या. दोन्ही नावं त्यांच्या कानावर होती.

"चांगलंय की," त्या म्हणत. "नुसतं बाई म्हटलं तर कोण, ते कळाय नको का?" आमच्या शाखेत बायका दोनच होतो, एक त्या आणि एक मी.

बाई मूळच्या नांदेडच्या. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीच्या कामावर होते. त्यांनी मुलीला मॅट्रिक केलं, टायपिंग शिकवलं. नवा जिल्हा झाला तेव्हा इकडून तिकडून माणसं गोळा करून कचेरी उभी केली, त्यात बाई टायपिस्ट म्हणून आल्या. खोली घेऊन एकट्या राहत. आई नांदेडलाच. मी उदगीरची, नोकरीला नवीन. माझ्या अप्पांचं जनरल स्टोअर्स होतं. बाईंची आणि माझी मैत्री झाली ती त्या दुकानामुळं.

तुम्ही असली दुकानं पाहिली असतील. दाराच्या चौकटीला खिळा आणि खिळ्याला लेसचे जुडगे लटकलेले. काळे, तपकिरी, पांढरे. वारा आला की हलायचे. लहानपणी मला दुकानातली सगळ्यात आवडती वस्तू तीच. खेळणं म्हणावं तर खेळणं, दोरी म्हणावी तर दोरी. टोकाला पत्र्याची चिमुकली टोपी असायची, ती जिभेवर ठेवली की गार लागे. टोपी निघाली की अप्पा मेणबत्तीचं मेण लावून टोक वळून देत. अप्पा लेसला 'तस्मा' म्हणत. निजामाच्या काळात तस्मे घ्यायला फक्त पोलीस आणि सरकारी माणूस यायचा, असं ते सांगत. बाकीच्यांच्या पायताणाला बंद नसायचाच. पुढं शाळांना गणवेश आले आणि शेतकऱ्यांची पोरंही लेस मागायला लागली. "पायात तस्मा आला म्हणजे माणूस कुठंतरी वेळेवर पोचायला निघाला," हे अप्पांचं वाक्य.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी टायपिंग थांबवलं. "चपट्या मिळतात का तुमच्यात? सुती?"

"मिळतात की. गोल घ्या, गोल जास्त दिवस टिकतात."

"गोल सुटते. चपटी धरून बसते."

तेव्हापासून सुट्टीला उदगीरला गेले की मी त्यांच्यासाठी जुडगा आणायचे. मला वाटायचं, दोन बुटांना लागून लागून किती लागतील. पण बाईंकडं लेसचे उपयोग फार. चष्म्याला लेस, किल्लीला लेस. नळावर रांगेत ठेवलेली त्यांची बादली लांबून ओळखू यावी म्हणून तिच्या कडीला लेस. एकदा माझ्या परकराची नाडी ऑफिसातच तुटली, तेव्हा बाईंनी ड्रॉवरमधून लेस काढून दिली आणि माझ्याकडं न बघता पुढचा कागद मशीनला लावला.

नव्या कचेरीत फायली होत्या, फायलींना बांधायची लाल फीत मात्र आलेली नव्हती. बाईंनी काळ्या लेस बांधल्या. एक साहेब सहीला बसले, लेस ओढली, हातात धरून बघितली आणि म्हणाले, "ही कुणाच्या बुटाची?"

"जिल्ह्याच्या, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. आम्हीही हसलो. त्या वर्षात ऑफिसात सगळे मिळून हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

कारण पाऊस नव्हता. आधीच्या सालीही धड झाला नव्हता. आमची शाखा टंचाईची. दिवसभर टँकरचे आदेश टाइप व्हायचे, दिवसभर माणसं दारात उभी असायची. सुरुवातीला कुणी गावातल्या पाण्याची गोष्ट सांगायला लागलं की मी पेन खाली ठेवून ऐकायचे. पुढं पुढं मी फक्त गावाचं नाव ऐकायचे आणि कागदावर लिहायचे. मलाच नाही, सगळ्यांनाच त्या उन्हाळ्यात काही वाटेनासं झालं होतं. घामही पुसावासा वाटायचा नाही.

बाईंच्या लेस धुवायला पाणी पुरेना. त्या मातीच्या रंगाच्या झाल्या. मग बाई सकाळी फळ्यावरचा खडू घेऊन बसत आणि लेस पांढऱ्या करत. खाली बघत, एकाग्र होऊन गाठ मारत. आपण गप्पा मारता मारता गाठ मारतो. त्या बोलणं थांबवून मारत. मारून झाली की बोट घालून बघत, फार घट्ट तर नाही ना.

त्यांच्याबद्दल ऑफिसात एकच तक्रार होती. बाई बूट काढत नसत. खंडेनवमीला टाइपरायटरची पूजा झाली, सगळे अनवाणी आत, बाई बूट घालून दाराबाहेर. "त्यांच्यात पूजा चालत नाही," हेडक्लार्क म्हणाले. बाई बौद्ध होत्या, त्यामुळं सगळ्यांना ते पटलं. मलाही.

मग बुद्धपौर्णिमेला बाईंनी मला खिरीला बोलावलं. त्यांच्या गल्लीत छोटंसं विहार होतं. दारात चपलांचा ढीग. आत वंदना चाललेली. बाई आत नव्हत्या. बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या, पांढरी साडी, पांढरे बूट, हात जोडलेले.

मी त्यांच्याजवळ बसले. वंदना संपली. मग विचारलं, "बाई, इथंही?"

त्यांनी खिरीची एक वाटी मला दिली, एक स्वतः घेतली. मग त्यांनी सांगितलं. आवाज टाइप केलेलं वाचून दाखवावं तसा सपाट.

"लहान असताना मला तो रोग झाला होता, महारोग. नांदेडला दवाखान्यात गोळ्या खाल्ल्या, कितीतरी वर्षं. बरी झाले. डॉक्टर म्हणले, आता तुझ्यापासून कुणाला काही न्हाई. पण पायातलं गेलं ते गेलं."

"म्हणजे?"

"कळत न्हाई. चटका, खडा, काहीच." त्यांनी वाटी खाली ठेवली. "टायपिंगच्या क्लासला जायचे. मे महिना. घरी आले तर आई म्हणली, चप्पल कुठाय गं एक? वाटेत कुठंतरी निसटली होती. मी तशीच चालत आले डांबरावरून. तळवा सोलून निघाला होता, मला ठाऊक न्हाई. तेव्हापासून बूट. चप्पल पायात हाय का न्हाई ते बघावं लागतंय. बांधलेला बूट कुठं जात न्हाई. अन् पाय कुणाला दिसत न्हाईत."

"मग ऑफिसात सांगत का नाही?"

"त्यांना वाटतंय मी बौद्ध म्हणून पूजेला येत न्हाई. वाटू दे. ते कारण चारचौघांत चालतंय. हे चालत न्हाई."

मी खीर संपवली. 

त्यानंतर थोड्याच दिवसांनी निलंग्याच्या पलीकडच्या एका गावातून तक्रार आली. रोजगार हमीच्या कामावर बायकांना प्यायला पाणी नाही, सावली नाही. बायकांचे जबाब घ्यायचे म्हणून साहेबांनी आम्हा दोघींना पाठवलं. जीप गाडीवाटेपर्यंत गेली, पुढं चालत. नाला खोदायचं काम चाललं होतं. एका बाभळीखाली बायका गोळा झाल्या. बाई विचारत होत्या, मी लिहीत होते.

मध्येच एक पोरगेली मजूर म्हणाली, "बाई, तुमच्या बुटातून रगत यायलंय."

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. उजव्या बुटाचा कॅनव्हास लाल झाला होता. तळातून बाभळीचा काटा आरपार घुसला होता. बाई त्याच्याकडे दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तशा बघत होत्या.

त्या दगडावर बसल्या आणि लेस सोडायला लागल्या. रक्तानं आणि मातीनं गाठ आवळून बसली होती, सुटेना. मी नखं मोडून घेतली. तेव्हा एक म्हातारी पुढं आली, बाईंसमोर मांडी घालून बसली आणि खाली वाकून तिनं गाठ दातात धरली.

"मावशी, नको," बाई एकदम म्हणाल्या. "तोंड लावू नका तिथं."

"गाठ हाय," म्हातारी म्हणाली. "सोडाय नको का?"

गाठ सुटली. बूट निघाला. आखडलेली, झिजून गेलेली बोटं सगळ्यांनी पाहिली.  एका बाईनं आपलं लेकरू मागं ओढून घेतलं. म्हातारीनंही पाहिलं. मग ती उठली आणि आपली पाण्याची बिंदगी घेऊन आली.

"ते पिण्याचं पाणी हाय," बाई म्हणाल्या. "सांडू नका. त्याच्याच तक्रारीसाठी आलाव आम्ही."

"मग लिवा तक्रारीत, पाणी पायावर गेलं म्हनून," असं म्हणून तिनं पाणी ओतलं.

पायात मोडून राहिलेला काटा तिनंच उपसला. बाई हलल्यासुद्धा नाहीत. मी दुसरीकडं पाहिलं, तर ड्रायव्हर आम्हाला शोधत तिथवर आला होता आणि उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ड्रायव्हर आमच्या आधी पोचला होता. चहा आला तेव्हा बाईंचा चहा कपात नव्हता, काचेच्या ग्लासात होता. त्यांचं पिऊन झाल्यावर शिपायानं तो उचलला नाही. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतः ग्लास विसळला आणि खिडकीत पालथा घातला.

"बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "आपला कप हुडकावा लागत न्हाई."

आठवड्याभरात त्यांचं टेबल व्हरांड्यात गेलं. "तिथं हवा येते," हेडक्लार्क म्हणाले. खरोखरच येत होती. मीही माझं टेबल ओढून बाहेर नेलं. आत उकडत होतं, खोटं कशाला सांगू. आम्ही डबा पूर्वीसारखाच एकत्र खात होतो. बाई पूर्वीसारख्याच टाइप करत होत्या. मला राग यायला हवा होता असं आज वाटतं. तेव्हा मनात काहीच नव्हतं. दुपारच्या रस्त्यासारखं सगळं रिकामं आणि पांढरं होतं.

जखम भरेना. बाई रोज चिंधी बदलायच्या, सैल करून लेस बांधायच्या आणि यायच्या. "दवाखान्यात जा," मी म्हणायचे. "दुखत न्हाई, त्यामुळं जावंसं वाटत न्हाई," त्या म्हणायच्या. एक दिवस त्यांना ताप भरला आणि टाइपरायटरवर डोकं टेकवून त्या तशाच राहिल्या. मी रिक्षा आणली, बसस्टँडवर नांदेडच्या गाडीत बसवलं. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. झोप लागली होती त्यांना.

बाई परत लातूरला आल्या नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्या जागेवर एक मुलगा आला. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, टेबल बाहेर का आहे, आणि दोघा शिपायांनी ते उचलून आत नेलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला गेले. रेल्वे लाइनच्या मागं त्यांचं घर होतं. बाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. अंगावर चादर होती, आणि उजव्या बाजूला गुडघ्याच्या थोडं खाली ती सपाट पडली होती.

"हाडात गेलं होतं," त्या म्हणाल्या. "कापावा लागला."

मी मान हलवली. ऑफिसातल्या दोन-चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. मग जरा पुढं वाकून हळू म्हणाल्या, "तुला एक सांगू का? दुखून राहिलाय."

"जखम?"

"जखम भरली. पाय दुखून राहिलाय. कापलेला."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"खरंच. अंगठा कुणी चिमटीत धरून दाबावा, तशी कळ येती. कधी बोटांत मुंग्या. पाचही बोटांत, वेगवेगळ्या. मी तर कोणतं बोट कसं लागतं तेच इसरले होते." त्यांचे डोळे भरले होते. इतक्या दिवसांत मी ते पहिल्यांदा पाहत होते. "डॉक्टर म्हणले, होतं असं. जाईल हळूहळू. मी म्हटलं, घाई न्हाई."

"आत्ता दुखतोय?"

"हाव."

"कुठं?"

त्यांनी हात लांब करून बाजेच्या कडेबाहेर, हवेत, एक जागा दाखवली. मी तिकडं बघत राहिले. तेवढ्यात त्यांची आई पाण्याची कळशी कडेवर घेऊन बाहेरून आली. ओसरी अरुंद होती. म्हातारी भिंतीला घासून, अंग चोरून, त्या जागेला वळसा घालून आत गेली.