वाटीतला कागदी पेरू

दुष्काळात मी पाथर्डीला शिक्षक होतो. शेजारच्या खोलीत एक म्हातारा एकटाच राहायचा. घरचे सगळे कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेले. रोज मी त्याला दारातूनच वाटीभर कालवण देई. सकाळी घासलेली वाटी परत यायची, आणि तिच्यात वर्तमानपत्राच्या घड्या घालून केलेला पेरू असायचा. देठाशी फुंकर मारून तो पेरू फुगवायचा आणि म्हणायचा, "गुरजी, रिकामं भांडं परत देऊ न्हाई."

मला गंमत वाटायची. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

बदली होऊन मी निघालो, त्या सकाळी वाटी नव्हती, तरी तो ओंजळीत पेरू घेऊन उंबऱ्याशी आला. वर्षात पहिल्यांदाच मी म्हणालो, "आत या, जेवून जा."

तो सामानातल्या स्टोव्हकडे बघत हसला. "आता कशाला, गुरजी? इस्टू तर बांधलाय तुमी."