सुलाबाईचा नंबर

झरीच्या स्टँडजवळ सुलाबाईचा एसटीडी बूथ होता, तेव्हा निम्म्या गावाची सुखदुःखं तिच्या कानावरून जात. माणसं हळू बोलायचं ठरवून काचेच्या खोलीत शिरत आणि ओरडून बोलून बाहेर येत. मुलगी झाल्याची बातमी आजोबांआधी बाहेरच्या रांगेला कळे. मग खिशाखिशात मोबाइल आले आणि बूथ मोडला. तरी अजूनही फोन हातात घेतला की तो पुसायला तिचा पदर आपसूक उचलला जातो.

एका माणसापुरता तिचा बूथ चालूच होता. गल्लीतल्या अंबाबाईचा लेक सटवाजी बोअर पाडायच्या गाडीवर राबतो, आज तेलंगणात तर उद्या कर्नाटकात. स्वतःचा मोबाइल त्याच्याजवळ टिकत नाही. मिळेल त्याच्या फोनवरून तो लावणार, आणि त्याला पाठ असलेला नंबर एकच, सुलाबाईच्या मोबाइलचा.

यंदा तिच्या सिमच्या कंपनीची गावातली रेंजच गेली. पोळा होऊन गेला, पण सटवाजीचा फोन नाही. अंबाबाई रोज उंबऱ्याशी येऊन बसे. नुसती फोनकडं बघे. ते बघणं सुलाबाईला सोसत नसे.

शेवटी ती मोबाइलच्या दुकानात गेली. दुकानदार बालाजी म्हणाला, "काकू, शाळंमागं दुसऱ्या कंपनीचा टॉवर हाय. पोर्ट करून टाका."

"मेल्या, या वयात पोरटं करू?"

दुकान हसलं. बालाजीनं कपाळाला हात लावला. "पोरटं न्हाई, पोर्ट! कंपनी बदलायची."

"आन् नंबर? नंबर बदलला तर ते लेकरू कुठं फोन लावंल?"

"नंबर तुमचाच ऱ्हातो. सरकारचा कायदाच हाय तसा. कंपनीला अडवून धरता येत न्हाई."

"कंपनी देती व्हय सहजासहजी?"

"न देऊन सांगती कुणाला?"

पाण्याच्या टाकीजवळ रेंजची एखादी कांडी दिसे. तिथं उभं राहून बालाजीनं पोर्टचा मेसेज टाकला. नवं सिम आलं. जुनं बंद पडून नवं चालू होईपर्यंत फोन मुका झाला, तेव्हा सुलाबाईला घास गोड लागेना. नेमका आताच सटवाजीनं फोन लावला तर?

फोन वाजला तो भाकरी थापताना. पिठाच्या हातानंच तिनं उचलला. "मावशे, माय हाय का तिथं?"

अंबाबाई उंबऱ्यावरच होती. तिनं दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला. आजवर वाऱ्यात फाटून यायचा तो आवाज आज शेजारी बसल्यासारखा येत होता. तिचा चेहरा उजळला.

"सटवा, हितं पिंगळीच्या ठेसनात उतरलास का रं? भाकर टाकू?"

"न्हाई गं माय. लय लांब हाय मी, रायचूरकडं."

अंबाबाईनं फोन कानावरून काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि सुलाबाईला हळूच विचारलं, "मग आवाज येवढ्या जवळून कशाला यायलाय?"