तेल संपल्यावर लागणारा दिवा

लोणावळ्यात मी ज्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, तिथे औषधांच्या कपाटाशेजारी एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर डॉक्टरांच्या मोटारीची किल्ली लटकत असे. मिक्श्चरच्या बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवताना माझं निम्मं लक्ष त्या किल्लीकडे असायचं. साठीच्या दशकाची सुरुवात असावी. मी बावीस वर्षांचा आणि सर्वज्ञ होतो. गाडी चालवायचा परवाना मिळून दोन महिने झाले होते आणि या दोन महिन्यांत मोटार मी फक्त मनात चालवली होती. मनात मात्र अख्खा खंडाळ्याचा घाट उतरून आलो होतो, तोही एका हाताने.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी डॉक्टरांनी स्वतःच ती किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. वडिवळ्याहून त्यांच्या आईला, माईंना, आणायचं होतं आणि एका अडलेल्या बाळंतिणीला सोडून डॉक्टरांना हलता येत नव्हतं.

"नीट आणलीस तर यापुढे किल्ली तुझ्याकडे," ते म्हणाले. "नाही तर पुन्हा गाडीला हात लावायचा नाही."

मग खिडकीतून वाकून त्यांनी समजावलं. "किल्ली फिरवलीस की समोर दोन दिवे लागतील. इंजिन सुरू झालं की दोन्ही जातात. पिवळा बॅटरीचा, लाल तेलाचा. चालत्या गाडीत लाल लागला तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. ते वाक्य पुरं होईपर्यंत मी मनाने कामशेतला पोचलो होतो. मान मात्र अशी डोलावली, की मोटारी माझ्याच आजोबांनी शोधून काढल्या असाव्यात.

वडिवळ्याला माई तयारच होत्या. बरोबर आंबेमोहोराची पिशवी, घाण्यावरून आणलेल्या खुरासणीच्या तेलाचा डबा आणि वातींचं एक गाठोडं. मागच्या सीटवर त्या मांडी घालून बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "बैलगाडीपरीस जोरात न्हेऊ नगं."

मी तशीच नेली. भात कापून झालेली खाचरं दोन्ही बाजूंना हळूहळू मागे सरकत होती. नदीवरून धुकं उठत होतं आणि त्यात डोंगर खालून विरघळायला लागले होते. नुसते माथे उरले, तेही तरंगत. आपण रस्त्यावरून चाललोय की कुणाच्या तरी झोपेतून, कळेना. इतक्यात खालून ठण्ण असा आवाज आला.

"काय रं ते?"

"दगड होता माई. झाला बाजूला."

"दगड झाला, का आपुन झालो?"

थोड्या वेळाने एका वळणावर समोरचा लाल दिवा क्षणभर लागला आणि गेला. पुढच्या वळणावर पुन्हा फडफडला, अगदी वाऱ्यातल्या वातीसारखा. मग लागला तो लागलाच. बाहेर तिन्हीसांजेचा करडा उजेड आणि आत ते डाळिंबाच्या दाण्याएवढं लाल टिंब. काचेवरच्या धुक्यातही त्याची लाली उतरली होती.

"दिवा लावलास व्हय? बरं केलंस," माई म्हणाल्या आणि हात जोडून संध्याकाळची प्रार्थना पुटपुटू लागल्या. मी काही तो लावला नव्हता, पण मान हलवून श्रेय घेतलं.

तरी मनात खुट्ट झालं. डॉक्टर या लाल दिव्याबद्दल काहीतरी म्हणाले होते खरे. काय, ते आठवेना, आणि दिवा तर माझ्याकडे टक लावून बघत होता. दिव्याच्या मागच्या बाजूला हात घालून बल्ब पिळला की प्रश्न मिटला असता. मी एक हात खाली नेलाही.

"आरं, काय करतोस? लागता दिवा हातानं मालवू नये," माई म्हणाल्या. "कसला दिवा हाय त्यो?"

"तेलाचा."

"मग? त्याल हाय म्हनून जळतोय. जळू दे की."

मला हे इतकं पटलं, की स्वतःच्या शंकेची लाज वाटली. जन्मभर देवापुढची समई बघितलेली. तेल आहे तोवर दिवा, तेल सरलं की अंधार. याच्यापेक्षा सरळ हिशेब कुठला? समाधानाने मी गाडी पुढे हाणली.

कामशेतच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. थांबलो, तर मागून दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला धापा टाकत आला.

"भाऊ, गाडी हाय का दुधाची गळकी कासंडी? मैलभर काळी रेघ वढत आणलीया. माजं चाक दोनदा घसरलं."

मी उतरून वाकलो. इंजिनाखाली थेंब थेंब तेल ठिबकत होतं. आत लाल दिवा शांतपणे जळत होता आणि त्या क्षणी डॉक्टरांचं राहिलेलं वाक्य मला न ऐकताही ऐकू आलं. हा दिवा तेल संपत आल्यावर लागतो. मी इंजिन बंद केलं. ते भाजलं असेल तर खिळ्यावरची किल्ली मला आता फक्त लांबून दिसणार होती.

सायकलवाला पाना घेऊन खाली सरपटला. "तेलाच्या टाकीची चाकी ढिली झालीया. गुंडाळायला कायतरी द्या."

माईंनी गाठोडं सोडून वाती दिल्या. त्याने त्या चाकीच्या भोवती ठासल्या आणि पाना फिरवून ती आवळली. गळती थांबली. आता आत घालायला तेल कुठून आणायचं? तिघांची नजर एकदमच माईंच्या मांडीवर गेली.

"लेकाच्या चटनीसाठी आनलंय हे," माई म्हणाल्या.

"मग लेकाच्याच गाडीला घाला की मावशी."

डबा रिकामा झाला. मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, सुरू झालं. पिवळा गेला. लाल एक श्वासभर रेंगाळला आणि मग तोही गेला.

"त्याल घातलं आन् दिवा गेला," माई हळहळल्या. "असलं उलटं देवघर न्हाई बघितलं बाई."

लोणावळ्यापर्यंत गाडीतून तळणीचा वास येत राहिला. धुक्यातून जाणाऱ्या एका अदृश्य कढईत आम्ही दोघं बसलो होतो जणू. वाटेत मी एक भाषण रचलं. त्यात दगड हत्तीएवढा होता आणि मी शूर होतो.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी हवा हुंगली. "भजी कुणी तळली?"

"दिवा लागलावता," माई उतरता उतरता म्हणाल्या. "मीच म्हटलं, मालवू नगं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "लाल लागला तर काय करायचं म्हणून सांगितलं होतं?"

हत्तीएवढा दगड घशाशी आला आणि तिथेच अडला. "ते मी ऐकलंच नव्हतं," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

त्यांनी बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी काढून बघितली, वास घेतला. मग रोग्याच्या छातीशी वाकावं तसे इंजिनाशी वाकून बराच वेळ ऐकत राहिले. "वाचलंय," एवढंच म्हणाले आणि किल्ली खिशात घालून आत गेले.

तीन दिवस खिळा रिकामा होता. मी पट्ट्या कापत होतो आणि खिळ्याकडे बघत नव्हतो. चौथ्या दिवशी गॅरेजमधून गाडी आली. पुसायला म्हणून मी आत बसलो, तर लाल दिव्याखाली डोसाची एक पट्टी चिकटवलेली, माझ्याच कात्रीने कापलेली. वर डॉक्टरांचं अक्षर: "लागल्यास ताबडतोब थांबणे. तेल घालणे. हाताने मालवू नये."

आत आलो, तर किल्ली खिळ्यावर होती.