मायचं राहिलं

निम्म्या किमतीत मिळतं म्हटलं की माझी अक्कल चरायला जाते. घरात तीन छत्र्या आणि दोन इस्त्र्या आहेत त्या यापायीच. बायको म्हणते, "सेलमधी आजार ठेवले तरी तुमाले दोन पाह्यजेत." त्यामुळे एका हार्ड डिस्कवर दुसरी अर्ध्या भावात दिसली, तेव्हा मी दोन्ही मागवल्या. या वेळी मात्र माझ्याकडे कारण होतं. एक सौंसरला माझ्या घरी राहील, दुसरी पांढुर्ण्याला धाकट्या भावाकडे. माय दोन्ही घरांची होती.

माय जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. तिचा आवाज आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावर ती दिवसभर अंगणातल्या खाटेवर बसून बोलायची, आणि मी समोर मोबाइल ठेवून ते भरून घ्यायचो. अशी सतरा रेकॉर्डिंग झाली. मोबाइल भरला तेव्हा मी ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि मोबाइलमधून पुसली. मायनं जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत संत्री तोडली, हंगाम नसला की कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत राबली. कोणत्या बागेतलं कोणतं झाड आंबट, कोणता मालक मजुरी देताना तोंड फिरवतो, हे सगळं तिला पाठ होतं. एकदा तिनं एका विहिरीची गोष्ट सांगितली. मायच्या लहानपणी तिच्या आईला त्या विहिरीला हात लावायची मनाई होती. कोणी वरून ओतलं तर ओंजळीत झेलायचं, नाही ओतलं तर तहानलेलंच परत यायचं. सांगता सांगता ती हसली होती. म्हणाली, "अन् आता माहा पोरगा साऱ्या गावाले पानी सोडते."

खरंच सोडतो. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहे. टाकीखालचे व्हॉल्व्ह फिरवून एकेका मोहल्ल्याला पाणी द्यायचं, ही माझी नोकरी.

ती गेल्यावर मी ती रेकॉर्डिंग एकदाही ऐकली नाहीत. भीती वाटायची. फोटोतली माय गप्प असते, तिच्याकडे बघता येतं. पण आवाज सुरू झाला आणि तिनं माझं नाव घेतलं, तर मी काय करायचं होतं? कॉम्प्युटरवरून फडकं मारतानाही मी त्या फोल्डरच्या नावाकडे बघायचं टाळायचो. तरी ती आत आहे, एवढं माहीत असणं मला पुरत होतं.

मग बोरगावच्या बहिणीची मुलगी कॉलेजात गेली आणि तिला कॉम्प्युटर हवा झाला. माझा तिला द्यायचं ठरलं. देण्याआधी तो साफ करून घ्यायचा होता. मेकॅनिक सोमवारी सकाळी येणार होता. म्हणून रविवारी धाकटा पांढुर्ण्याहून आला. कॉम्प्युटरमधलं त्यालाच कळतं. फोटो, लग्नांचे व्हिडिओ, कागदपत्रं असं एकेक तो नव्या डिस्कवर चढवत बसला आणि मी दुपारच्या पाळीला टाकीवर गेलो.

चारच्या सुमारास त्याचा फोन आला. तो बसस्टँडवर होता, पांढुर्ण्याची गाडी हॉर्न देत होती. इकडे मी नुकताच मोठा व्हॉल्व्ह उघडला होता. पाणी येण्याआधी पाइपातली हवा सुटते, तिचा आवाज असा की शेजारचा माणूस ऐकू येत नाही.

तो ओरडला, "फोटो झाले दादा! लग्नं झाले! कागदं झाले!"

मी ओरडलो, "अन् मायचं? मायचं चढून राहिलं का?"

"हो! मायचं राहिलं!"

"राहिलं ना? बरं, बरं!"

आणि फोन बंद झाला.

ही चूक पुण्याच्या माणसाकडून झालीच नसती. त्यानं विचारलं असतं "चढतंय का?" आणि उत्तर आलं असतं "नाही, राहिलंय." संपला विषय. आमच्याकडे काम चालू असलं तरी ते होऊन राहिलं, आणि करायचं चुकलं तरी ते राहिलं. मी विचारलं, मायचं चढायचं चालू आहे का. त्या गोंगाटात त्याच्यापर्यंत 'मायचं' आणि 'राहिलं' एवढंच पोचलं. त्याला वाटलं, दादाला समजलं, मायचं करायचं बाकी आहे, आता तो मेकॅनिकला थांबवेल. आम्ही दोघं एकच वाक्य एकमेकांना ओरडून सांगत होतो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा डिस्कवरचा निळा दिवा जळत होता. बायकोला विचारलं, "झालं काय म्हणे सारं?" ती म्हणाली, "भाऊजी म्हणे, दादाले सांगतलं म्या." मी डिस्क उघडून बघितली. चार फोल्डर होते. चौथ्याचं नाव होतं 'माय'. धाकट्यानं ते आधीच बनवून ठेवलं होतं, गाडीच्या घाईत आत टाकायचं तेवढं बाकी होतं, हे मला नंतर कळलं. उघडून बघायला एकदा बोट दाबायचं होतं फक्त. मी दाबलं नाही. माझा हात त्या नावावर गेला आणि मी मागे घेतला. डिस्क काढून मायच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळली, जे नेसून ती रविवारी विहारात वंदनेला जायची, आणि कपाटात ठेवली. मनात म्हणालो, आता माय सुरक्षित आहे.

सोमवारी मेकॅनिकनं कॉम्प्युटर साफ केला. मी त्याला चहा पाजला.

पुढच्या रविवारी धाकट्याचा फोन आला. "दादा, येऊ का आज? मायचं चढवून टाकू."

"मायचं तं चढलं ना बे!"

"नाई दादा. म्या सांगतलं ना तुले, मायचं राहिलं."

मी कपाट उघडलं, लुगडं सोडलं, डिस्क लावली आणि 'माय' उघडलं. आत काहीच नव्हतं. मी आधी डिस्कलाच शिव्या घातल्या. सेलचा माल, फसवलं म्हणालो. मग कॉम्प्युटर बोरगावहून परत आणला आणि पुसलेलं परत मिळतं का बघायला मेकॅनिकनं दोन दिवस त्याच्याशी झटापट केली. भाचीनं तोवर त्यावर बरंच काही भरलं होतं, मायचं काही परत आलं नाही. "सस्ता रोये बार बार," असं काहीतरी तो सुरुवातीला बोलला. मग डिस्क तपासून म्हणाला, "भाऊ, ये तो एकदम ठीक है." ती ठीकच होती. तिला जे दिलं, ते तिनं सांभाळलं. आम्हीच तिला रिकामं नाव दिलं होतं.

धाकट्याला मी फोनवर नको ते बोललो. त्याची काही चूक नव्हती. मी घाबरलो नसतो, रविवारी संध्याकाळी एक फोल्डर उघडलं असतं, तर माय आज घरात असती. पहिल्यांदा ती आपली गेली, दुसऱ्यांदा मी तिला माझ्या हातानं घालवलं.

आता टाकीवर व्हॉल्व्ह उघडला की हवा सुटते आणि त्या आवाजात मला ती ऐकू येते. शब्द कळत नाहीत. ती विहीर कोणत्या गावची होती, हेही मला आठवत नाही. तिनं नाव सांगितलं होतं. बहिणीला विचारलं, तिलाही ठाऊक नाही. सगळ्या गावाला पाणी सोडतो आणि ती एक विहीर मला सापडत नाही.

मध्ये काही महिने गेले. एक दिवस धाकटा न सांगता-सवरता आला आणि त्यानं आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. अगदी पहिल्या दिवशी, खरं रेकॉर्डिंग करण्याआधी, आवाज नीट येतो का हे बघायला मी त्याला एक तुकडा पाठवला होता. तो त्याच्याकडे तसाच पडून होता. मीच विसरलो होतो. या वेळी मी मागे हटलो नाही. म्हणालो, "लाव."

आधी माय काहीतरी सुरू करते, पहिलाच शब्द. लगेच माझा आवाज येतो, चिडका: "थांब ना माय. आवाज येऊन राहिला का ते पाहू दे पयले."

माय थांबते. तिचा श्वास ऐकू येतो, कापसाच्या जिनिंगमध्ये काढलेल्या दिवसांनी धाप लागलेला. लांबून एक बस जाते. मग ती हळूच विचारते, "बोलू का आता?"

तिथं तुकडा संपतो, कारण आवाज नीट येतो हे कळलं म्हणून मी बटण दाबून तो बंद केला होता.

दोन्ही डिस्कवर आता तो आहे, माझ्याकडे आणि धाकट्याकडे, 'माय' नावाच्या फोल्डरात. बाकी सारी जागा तशीच पडली आहे. सकाळी कामावर जाण्याआधी मी तो लावतो. "बोल माय," म्हणतो. बायको स्वयंपाकघरातून ऐकते. मी कितीही वेळा बोल म्हटलं, तरी माय विचारून राहिली आहे.