कांद्याच्या चाळीतली हिरवी गाडी

माझ्या मोठ्या काकांची गाडी बरीच वर्षं कांद्याच्या चाळीत उभी होती. चांदवडजवळ त्यांचा मळा आहे. थोडी द्राक्षं, बाकी कांदा. चाळीच्या भिंती म्हणजे फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, त्यामुळे वारा खेळता राहतो आणि आत ओल धरत नाही. गाडी टिकली ती त्यामुळेच, असं काका म्हणायचे. काकू म्हणायची, "गाडी टिकली, पण त्या कोपऱ्यात माझा निम्मा कांदा मावला असता."

गाडी अमेरिकन होती. दोनच दारं, लांबलचक बोनट, आठ सिलिंडरचं इंजिन, गर्द हिरवा रंग. परदेशी वकिलातीतला कुणी साहेब मायदेशी जाताना ती मुंबईत विकून गेला, आणि हातोहाती फिरत ती काकांच्या तरुणपणी त्यांच्याकडे आली. कसारा घाट ती कशी चढली हे काका अजूनही सांगतात. आम्ही सगळे ते ऐकतो, कारण ते सांगताना त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो.

सुटे भाग मिळेनात तेव्हा काकांनी नाइलाजाने ट्रकचा कार्बोरेटर बसवला, मग जीपचे दिवे, मग कुठल्याशा टेम्पोचा रेडिएटर. पुढे तीही सोय संपली आणि गाडी चाळीत गेली. "आता तिच्यात तिचं असं काय उरलंय कोण जाणे," असं ते कधी कधी म्हणायचे. विनोद केल्यासारखं म्हणायचे, पण म्हणून झाल्यावर विषय बदलायचे.

गेल्या दिवाळीत मळ्यावर घर भरलं होतं. अशा वेळी मी एखादी रिकामी जागा शोधते. लहानपणापासूनची सवय आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे गावाकडचे नातेवाईक मला "मॅडम" म्हणतात, आणि मी काही बोलले की काय बोलले यापेक्षा कसं बोलले याचीच जास्त चर्चा होते. म्हणून मी ऐकते. तर त्या दुपारी मी चाळीत जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसले आणि फोनवर त्याच गाडीबद्दल वाचू लागले. काका कांदा बघायला आले आणि खिडकीतून वाकले.

"इथे काय करतेस गं?"

"वाचतेय. हिच्याबद्दल."

मी त्यांना दाखवलं. अशा गाड्या पूर्ववत करणारे लोक तिकडे फार बारीक काम करतात. कारखान्यात गाडी जुळवत असताना तिथले कामगार पत्र्यावर मेणाच्या खडूने आकडे लिहायचे. एखादा नट नीट आवळला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचे. तपासणारा माणूस शेवटी आपली खूण करायचा. पुढे कुणाला या खुणा दिसत नसत, त्यामुळे कुणी पुसायचंही नाही. आता लोक गंज काढतात, रंग देतात, पण या खुणांना हात लावत नाहीत.

काका बराच वेळ त्या फोटोंकडे बघत राहिले. "हिच्यावरही असतील?"

"असतील. घाण निघाल्यावर कळेल."

हा विषय घरात कळला आणि दादा, म्हणजे काकांचा मुलगा, जागा झाला. दादा नाशिकला लग्नांचं सगळं काम घेतो, मंडपापासून वरातीपर्यंत. त्याच्या डोक्यात ही गाडी केव्हाची होती. लालभडक रंग द्यायचा, आतून पांढरं रेक्झिन, पुढे गुलाबाचा हार. "घोड्यावर बसायला निम्मे नवरदेव घाबरतात," तो म्हणाला. "यात बसतील की. हिरव्या गाडीत कोण बसेल? पोपट?"

काका हसले, पण त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही. मुलाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. ते म्हणाले, "हे बघ. आधी साफ करू. कारखान्याच्या खुणा अंगावर असतील तर ती अजून तीच गाडी आहे, मग जशी निघाली तशी हिरवीच करायची. मी माझ्या डोळ्यांनी बघेन. काहीच नसेल तर मग काय, नुसता पत्रा. तू लाल कर नाहीतर गुलाबी कर."

"आणि साफ कोण करणार?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. दादा म्हणाला, "मॅडम? बरंय. निदान गाडीला बोलून त्रास देणार नाही."

यंदाचा पावसाळा सरल्यावर गाडी ट्रकवर चढवून नाशिकला आणली, आडगाव नाक्यावरच्या एका गॅरेजमध्ये. मिस्त्री येवल्याकडचे, काकांचे जुने ओळखीचे. आमचं घर पंचवटीत, त्यामुळे सकाळी ऑफिसचं काम सुरू व्हायच्या आधी मी स्कूटीवर तिथे जायची. काकांना येता येईना, कारण तेव्हाच द्राक्षांची छाटणी लागते आणि मग मळा सोडून हलता येत नाही. त्यांनी मिस्त्रींना फोनवर सांगितलं होतं, ताई सांगेल तोपर्यंत पाण्याचा फवारा मारायचा नाही, डिझेल लावायचं नाही. मिस्त्रींना हे विचित्र वाटलं, पण त्यांनी पाळलं. मला ते एक स्टूल द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही. आम्हा दोघांनाही ते बरं वाटत असावं.

खरी अडचण गंधकाची होती. द्राक्षांवर गंधकाची भुकटी मारतात, ती वाऱ्याने उडून चाळीत यायची. एवढ्या वर्षांत ती गाडीच्या प्रत्येक सांध्यात, प्रत्येक नटावर जाऊन बसली होती. पिवळी. आणि मी शोधत होते तेही पिवळे ठिपकेच. साबणाने दोन्ही जाईल अशी भीती. शेवटी काकूलाच फोन केला. ती म्हणाली, "पैठणीला साबण लावतात का? रिठ्याचं पाणी कर. कोमट. आणि कापूस ओला कर, गाडी नको."

तसंच केलं. कापूस टेकवायचा, उचलायचा, चोळायचं नाही. गंधक निघून यायचं, रंग राहायचा. अशा प्रकारे पुढच्या चाकांजवळच्या नटांवर पिवळे ठिपके सापडले. ते ब्रशने दिलेले होते, घाईत, एकाचा ओघळ आलेला. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड नळीवर, जिला मिस्त्री हौजिंग म्हणतात, खडूने लिहिलेले दोन आकडे होते, अगदी फिके. आणि इंजिन बाहेर काढल्यावर त्याच्या मागच्या पत्र्यावर, मधोमध, तळहाताएवढी खूण निघाली. मेणाचा शेंदरी खडू. एक गोल, आत तिरकी रेघ, आणि रेघेच्या टोकाला हात झटकन उचलल्यावर उमटतो तसा शेपटीसारखा फराटा. तपासणाऱ्या माणसाची खूण. बराच वेळ मी कापूस हातात धरून बसले होते.

मी फोटो पाठवला. काकांचा फोन आला. "खरंच आहे ना गं? फोटोत कळत नाही मला."

"आहे काका."

"दसऱ्याला येतो. दादालाही घेऊन येतो. तोवर सांभाळ."

दसऱ्याच्या सकाळी मी त्यांच्या आधी पोचले. नाक्यावर झेंडूचे ढीग होते आणि प्रत्येक ट्रकच्या तोंडाशी हार. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं मशीन, जॅक, पाने, सगळं ओळीने मांडून त्यावर हळदकुंकू वाहिलेलं. मिस्त्री इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होते. त्या शर्टात ते मला पटकन ओळखूच आले नाहीत.

आत डिझेलचा वास होता. गाडी चकाकत होती.

"बघा ताई," मिस्त्री म्हणाले. "काल दुपारपासून माणूस लावला व्हता."

"धुतली?"

"मग? दसरा हाय."

"मिस्त्री, आपलं ठरलं होतं ना. पाणी मारायचं नाही म्हणून."

"मारलं का एक दिवस तरी? तुमच्या शब्दाभायेर गेलो नाय. पन रोजचं वेगळं आन् दसऱ्याचं वेगळं. बाकीची मशिनं आंघोळ करून बसल्यात आन् ही एकटी मळकट ठिवायची? लोक काय म्हनतील, परक्याची म्हनून ठिवली?"

त्यांचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही म्हणता येईना. दसऱ्याला कुणी न धुतलेलं यंत्र पुजत नाही. हे मलाच सुचायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण माझ्या घरात पूजेला ठेवायचं यंत्र म्हणजे माझा लॅपटॉप, आणि तो कुणी धुवत नाही.

मी आधी मागे गेले. वाकून हौजिंग बघितली. स्वच्छ काळी. खडूचे आकडे गेले होते. बोट फिरवून बघितलं, काहीच लागलं नाही. मग पुढच्या चाकांशी बसले. पिवळे ठिपके होते, थोडे झिजले होते, पण होते. एवढं बघून झाल्यावर मला बोनटकडे जायचं होतं आणि मी जात नव्हते. फोन वाजला. काका. "ओझर सोडलं बरं का. आलोच."

ओझरहून आडगाव नाका फार दूर नाही.

मी उठले. बोनट उघडंच होतं. इंजिनाची जागा रिकामी, धुऊन लख्ख, मूळचा हिरवा रंग मी प्रथमच इतका स्पष्ट बघत होते. त्या लख्ख पत्र्यावर मधोमध एक तुकडा मात्र न धुतलेला होता. कडेने फडकं गोल फिरवून तेवढी जागा मुद्दाम सोडलेली कळत होती. त्यात शेंदरी गोल, तिरकी रेघ, शेपटी. खाली हळदकुंकवाची बोटं. वर झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

 मी विचारलं, "हे नाही पुसलं?"

"त्ये कसं पुसायचं?" मिस्त्रींना प्रश्नच कळला नाही. "आधीच्या मालकानं शेंदूर लावलेला दिसतोय. कोन्या काळची पूजा असंल. दुसऱ्याच्या पूजेचं आपन पुसत नाय ताई. जवा जायाचं तवा आपोआप जातं. मी माझं खाली लावलं, त्याच्यावर नाय लावलं."

मी "बरोबर" एवढंच म्हणाले आणि शेजारच्या टायरवर बसले.  मिस्त्रींनी पेढा आणून हातात ठेवला. त्यांना वाटलं, उपाशी आले असेन.

काका आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात आपट्याची पानं होती. कुणाला न देता ते सरळ गाडीकडे गेले. मागून दादा आणि काकू. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि बोनटखाली वाकले. वाकून तसेच राहिले. दादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी 'आहे' अशी मान हलवली.

"अरे, आहे की," काका आतूनच म्हणाले. आवाज पत्र्यावर आपटून आला. "ही बघ. ही शेपटी बघ. घाईत होता माणूस. पुढची गाडी आली असेल समोर."

मग मी त्यांना हौजिंगवरच्या आकड्यांचं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. त्यांनी क्षणभर ओठ दाबले. मग म्हणाले, "खडूच होता ना. गेला. इतकी वर्षं राहिला हेच पुष्कळ." आणि पुन्हा वाकून बघू लागले.

मिस्त्रींना काकांनीच समजावून सांगितलं की तो शेंदूर नाही, अमेरिकेतल्या कारखान्यातल्या एका गोऱ्या माणसाने गाडी तपासून केलेली ती खूण आहे. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "काम नीट झालं म्हनूनच लावली ना त्यानं?"

"हो."

"मग आमी येगळं काय करतो?"

दादा गाडीभोवती एक फेरी मारून आला. त्याने पत्रा बोटाने वाजवून बघितला, खुणेकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे पोपटच."

"हिरवीच," काका म्हणाले.

"अण्णा, निदान वरातीला तरी द्याल?"

"देईन की. चालवणार मी. आणि हार दोऱ्याने बांधायचा, चिकटपट्टी लावायची नाही."

काकू म्हणाली, "नवरी कांद्याच्या वासाने रडेल, तेवढंच पाठवणीचं काम सोपं." दादाच सगळ्यात मोठ्याने हसला. मला वाटलं होतं तो रागावेल. पण एखादी गोष्ट एकदाची ठरली की माणसं सैल होतात, तसा तो झाला. त्याने माझ्या शेजारी दुसरा टायर ओढला आणि बसला.

"सांग मॅडम. तो पिवळा ठिपका कशाचा?"

मी सांगायला लागले. नटाचा ठिपका, तो कोण देतो, का देतो. मग तो ओघळ आलेला ठिपका दाखवायला त्याला चाकाखाली वाकवलं. मग गंधक आणि रंग कसा ओळखायचा ते. मराठीत काही शब्द मला येईनात, ते मिस्त्रींनी पुरवले. त्यांनाही काही येईनात, तिथे आम्ही दोघांनी हातांनी दाखवलं. कुणी मध्ये हसलं नाही. हसले असतील तरी माझ्या लक्षात आलं नाही. काकू नंतर म्हणाली, चहा दोनदा गार झाला, पण तू थांबेचनास, म्हणून तिसऱ्यांदा मी मागवलाच नाही.